जोसेफ राइट (भाषाशास्त्रज्ञ)

जोसेफ राइट (३१ ऑक्टोबर १८५५ – २७ फेब्रुवारी १९३०) हे इंग्लंडमधील भाषाशास्त्रज्ञ आणि कोशकार होते. प्रमाण इंग्रजीच्या कक्षेबाहेर राहिलेल्या, खेड्यांत, शेतांत, खाणींत आणि गिरण्यांत बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’ हा सहा खंडांचा कोश (१८९८–१९०५) त्यांनी संपादित केला. या कोशात सुमारे ७०,००० नोंदी आहेत. इंग्रजी बोलींचा एवढा व्यापक कोश त्यापूर्वी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. १९०१ ते १९२५ या काळात राइट ऑक्सफर्ड विद्यापीठात तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

बालपण

राइट यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड शहराजवळच्या आयडल या भागातील थॅकली येथे झाला. वडील डफ्टन राइट हे लोकरीचे कापड विणणारे विणकर होते. त्यांनी दगडाच्या खाणीतही काम केले. आईचे नाव सारा अ‍ॅन. घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची होती, की मुलांना शाळेत घालण्याचा विचार करणेही शक्य नव्हते.

सहा वर्षांचा असताना जोसेफ दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकण्याच्या कामाला लागला. खाणकामगारांची बोथट झालेली हत्यारे लोहाराच्या भट्टीवर न्यायची आणि धार लावून परत आणायची, असे त्याचे काम होते. सातव्या वर्षी तो सॉल्टेअर येथील टायटस सॉल्ट यांच्या लोकरीच्या गिरणीत ‘डॉफर’ म्हणून रुजू झाला. कातण्याच्या यंत्रावरील सूत भरलेल्या बॉबिनी काढून त्यांच्या जागी रिकाम्या बॉबिनी चढवणाऱ्या पोराला डॉफर म्हणत. मुंबईच्या गिरण्यांतही हाच शब्द वापरात होता. गिरणीतील मुलांनी अर्धा दिवस काम करावे आणि अर्धा दिवस गिरणीच्याच शाळेत बसावे अशी तेथे व्यवस्था होती. पहाटेपासून यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या मुलांच्या पदरी या शाळेतून फारसे काही पडत नसे. तेथून बाहेर पडताना जोसेफला थोडे अंक ओळखता येत होते. वाचन आले नव्हते. पुढे तो दुसऱ्या एका गिरणीत लोकर निवडण्याच्या कामावर गेला.

या काळात तो जी भाषा ऐकत आणि बोलत होता, ती विंडहिल परिसराची बोली होती. पुस्तकी इंग्रजी त्याला जवळजवळ परकीच होती. त्यांच्या पुढील आयुष्यातील कार्याचे मूळ या गोष्टीत आहे, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख करावा लागतो.

अक्षरओळख

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले. गिरणीतील एक सोबती जेवणाच्या सुटीत वर्तमानपत्रातील युद्धवार्ता मोठ्याने वाचून दाखवीत असे. वार्तेसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, ही गोष्ट पंधरा वर्षांच्या जोसेफला सलू लागली आणि त्याने स्वतः वाचायला शिकण्याचे ठरवले. बायबल आणि जॉन बनियन यांचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ ही त्याची पहिली पाठ्यपुस्तके होती. मग रात्रशाळा सुरू झाली. दिवसभर गिरणीत राबून रात्री त्याने फ्रेंच, जर्मन, लॅटिन, गणित आणि लघुलेखन यांचा अभ्यास केला. अठराव्या वर्षी त्याने आपल्याच घरी रात्रीचा वर्ग उघडला. सोबतच्या कामगारांना तो आठवड्याला दोन पेन्स घेऊन शिकवी.

त्याच वर्षी, म्हणजे १८७० मध्ये, इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तो मांडणारे विल्यम फॉर्स्टर हे ब्रॅडफर्डचेच संसद-सदस्य होते. या कायद्यामुळे गरिबांच्या मुलांसाठी शाळांचे दार उघडले. परंतु त्या शाळांतून मुलांना जी इंग्रजी शिकवली गेली ती लंडन आणि ऑक्सफर्डच्या सुशिक्षितांची होती, आणि घरची बोली बोलणाऱ्या मुलाला चुकीचे बोलल्याबद्दल समज मिळू लागली. एका पिढीला अक्षर मिळाले आणि तिच्या आजीची भाषा अशुद्ध ठरली. राइट यांना ज्या शब्दांसाठी पुढे घाईने कोश रचावा लागला, ते शब्द मागे पडू लागण्यामागे रेल्वे आणि शहरांकडे गेलेली वस्ती यांच्याबरोबर हेही एक मोठे कारण होते.

हायडेलबर्ग

१८७६ पर्यंत राइट यांनी मजुरीतून ४० पौंड शिल्लक टाकले होते. ते घेऊन ते जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात एका सत्रासाठी गेले. पैसे वाचावेत म्हणून बेल्जियममधील अँटवर्प बंदरापासून हायडेलबर्गपर्यंतचे अंतर त्यांनी पायी तोडले. हे अंतर अडीचशे मैलांहून अधिक भरते. परत आल्यावर शाळामास्तरकी करीत त्यांनी लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजात पुढील शिक्षण घेतले. त्यांच्या अध्यापनाविषयी एक आठवण सांगितली जाते: ते दोन्ही हातांत खडू धरून फळ्यावर एकाच वेळी दोन्हीकडे आकृत्या काढीत आणि त्याच वेळी विवेचनही चालू ठेवीत.

१८८२ मध्ये ते पुन्हा हायडेलबर्गला गेले आणि १८८५ मध्ये हर्मान ओस्टहोफ यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रीक भाषेतील स्वरव्यवस्थेवरील प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. ओस्टहोफ हे त्या काळच्या ‘नवव्याकरणकार’ पंथाचे एक प्रमुख अभ्यासक होते. भाषेतील ध्वनींमध्ये होणारे बदल मनमानी नसतात, ते नियमाने होतात आणि नियमाला अपवाद दिसला तर त्यालाही काही कारण असते, हा या पंथाचा मूळ सिद्धान्त. या पंथाचे दुसरे धुरीण कार्ल ब्रुगमान यांच्या इंडो-जर्मानिक भाषांच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला खंड राइट यांनी इंग्रजीत आणला (१८८८).

त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला आले. ऋग्वेदाच्या संपादनामुळे भारतीयांना सुपरिचित असलेले माक्स म्युलर यांनी त्यांना तेथे बोलावून घेतले होते. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेत व्याख्याता म्हणून त्यांनी प्रारंभ केला, पुढे ते उपप्राध्यापक झाले आणि म्युलर यांच्या निधनानंतर १९०१ मध्ये तौलनिक भाषाशास्त्राच्या त्याच अध्यासनावर आले. गॉथिक, जुनी जर्मन, मध्ययुगीन जर्मन, प्राचीन इंग्रजी, ग्रीक अशा भाषांवरील त्यांची पाठ्यपुस्तके अनेक पिढ्यांनी वापरली.

विंडहिलच्या बोलीचे व्याकरण

१८९२ मध्ये राइट यांनी आपल्याच गावच्या बोलीचे व्याकरण प्रसिद्ध केले. आकाराने लहान असलेले हे पुस्तक त्यांच्या सर्व ग्रंथांत कदाचित सर्वांत धाडसी म्हणावे लागेल. गिरणीतील मजुरांच्या बोलण्याला त्यांनी ग्रीक आणि गॉथिक यांना लावतात तीच शास्त्रीय कसोटी लावली, आणि ती बोली त्या कसोटीस उतरली.

एक उदाहरण पुरेसे आहे. प्रमाण इंग्रजीत ज्याला ‘हाउस’ म्हणतात त्याला विंडहिलमध्ये ‘आस’ म्हणत. ऐकणाऱ्या सुशिक्षिताला वाटे, की हा अडाण्याचा विकृत उच्चार आहे. परंतु ‘आउट’चे तेथे ‘आट’ होते, ‘डाउन’चे ‘डान’ होते. या तिन्ही शब्दांत प्राचीन इंग्रजीत दीर्घ ‘ऊ’ होता: हूस, ऊट, डून. लंडनकडे त्या ‘ऊ’चा ‘आउ’ झाला, विंडहिलकडे ‘आ’ झाला. दोन्ही ठिकाणी बदल झाला आणि दोन्ही ठिकाणी तो नियमानेच झाला. एकाला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध म्हणण्यास भाषेच्या इतिहासात आधार नाही. तो भेद राजधानी, न्यायालये, छापखाने आणि विद्यापीठे कोठे होती यावरून पडला.

शब्दांच्या बाबतीतही असेच दिसते. ‘विचारणे’ या अर्थी ‘आस्क’ऐवजी ‘आक्स’ म्हणणे हे अशिक्षितपणाचे लक्षण समजले जाते. वास्तविक प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाची दोन्ही रूपे प्रचारात होती. एकाच वाक्यात दोनदा नकार वापरणे हा आज व्याकरणदोष मानला जातो, पण चौदाव्या शतकातील चॉसर यांच्या इंग्रजीत तो सर्रास आढळतो. त्याला दोष ठरवण्याचे काम रॉबर्ट लोथ (व्याकरण, १७६२) यांच्यासारख्या अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी केले. यॉर्कशायरमध्ये ‘खेळणे’ याला ‘लेइक’ म्हणतात, ओढ्याला ‘बेक’ म्हणतात. हे शब्द नवव्या-दहाव्या शतकात तेथे स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आलेले आहेत. ‘लेइक’चा आणखी एक अर्थ होता: गिरणी बंद असल्यामुळे कामाविना बसणे. मजुराच्या आयुष्यातील एक कठीण अनुभव खेळण्याच्या शब्दात सांगणारी ही योजना कोणत्याही प्रमाणकोशात सापडली नसती.

प्रमाण इंग्रजीने ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील भेद सोडून दिला. सर्वांना एकच सर्वनाम उरले. यॉर्कशायरच्या बोलीत मात्र जवळच्या माणसासाठी जुने एकवचनी सर्वनाम टिकून राहिले होते. मराठी भाषकाला या भेदाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’

बोलींतील शब्द गोळा करण्याचे काम राइट यांच्या आधीच सुरू झाले होते. केंब्रिजचे वॉल्टर स्कीट यांनी १८७३ मध्ये ‘इंग्लिश डायलेक्ट सोसायटी’ स्थापन केली होती. तिने निरनिराळ्या परगण्यांच्या शब्दसंग्रहांची अनेक पुस्तके काढली. त्यांपैकी पुष्कळ गावोगावचे धर्मोपदेशक, शिक्षक आणि हौशी अभ्यासक यांनी तयार केली होती. एकत्रित कोशाची गरज आणखी एका कारणाने निर्माण झाली. जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली त्या वेळी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश तयार होत होता. मरे स्वतः दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीचे अभ्यासक होते. तरीही इ.स. १५०० नंतर केवळ एखाद्या बोलीतच आढळणारे शब्द सामान्यतः घ्यायचे नाहीत असे धोरण त्यांना ठेवावे लागले, नाहीतर तो कोश कधीच पुरा झाला नसता. त्यामुळे हजारो जिवंत शब्दांना कोठेच घर उरले नाही.

स्कीट यांनी संपादनासाठी राइट यांची निवड केली. लाखो चिठ्ठ्या त्यांच्याकडे आल्या आणि त्या अपुऱ्या आहेत असे राइट यांच्या लक्षात आले. त्यांनी देशभर पत्रके धाडली, नवे स्वयंसेवक मिळवले, शेकडो लोकांकडून जुने बोलीसंग्रह आणि बोलीतील साहित्य वाचून घेतले. शंका असलेल्या प्रत्येक शब्दाबद्दल त्या त्या भागातील जाणकारांना प्रश्न पाठवले जात. यॉर्कशायरमध्ये या कामासाठी जमलेल्या समितीतूनच १८९७ मध्ये ‘यॉर्कशायर डायलेक्ट सोसायटी’ उभी राहिली; बोलींसाठी काम करणारी ही संस्था आजही चालू आहे.

मुख्य अडचण पैशाची होती. वर्गणीदार किती मिळतील याची शाश्वती नसलेल्या, अनेक वर्षे चालणाऱ्या अशा ग्रंथाची जोखीम घेण्यास प्रकाशक राजी नव्हते. तेव्हा राइट यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली. वर्गणीदार मिळवणे, कागद आणि छपाई यांचा हिशेब ठेवणे, साहाय्यकांना वेतन देणे ही सर्व कामे संपादनाच्या बरोबरीने त्यांनी केली. गिरणीतल्या मजुरीतून ज्यांनी पै-पै साठवली होती, त्यांनी चाळिशीत ती साठवण बोलींच्या कोशासाठी पणाला लावली. कोश मध्येच थांबला असता तर ते कर्जात बुडाले असते. १८९६ मध्ये डायलेक्ट सोसायटी आपले कार्य झाले असे मानून विसर्जित झाली. त्या वेळी कोशाचा एकही खंड पूर्ण झालेला नव्हता.

पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि सहावा १९०५ मध्ये. इतक्या मोठ्या कोशाची गती पाहता ही वेळ अतिशय थोडी आहे. प्रत्येक नोंदीत शब्द, तो कोणकोणत्या परगण्यांत आढळतो, त्याचा उच्चार, त्याच्या अर्थच्छटा, आधारासह दिलेली उदाहरणे आणि शक्य तेथे व्युत्पत्ती, असा क्रम आहे. मागील दोनशे वर्षांत वापरात असलेले शब्द ही कोशाची कालमर्यादा होती. सहाव्या खंडाला जोडलेले ‘इंग्लिश डायलेक्ट ग्रामर’ स्वतंत्र पुस्तक म्हणूनही प्रसिद्ध झाले. सुमारे २,४०० शब्दांची यादी देशभर पाठवून त्या प्रत्येकाचे स्थानिक उच्चार मागवायचे, या पद्धतीने ते तयार केले होते.

कोशात उणिवा आहेत. माहिती पुरवणारे बहुतेक जण सुशिक्षित आणि ग्रामीण भागातील होते, त्यामुळे वाढत्या शहरांतील कामगारांची भाषा त्यात तुलनेने कमी आली. काही परगण्यांत उत्साही संग्राहक भेटले, काही ठिकाणी कोणीच भेटले नाही. म्हणून एखाद्या शब्दापुढे एखाद्या परगण्याचे नाव नसेल, तर तो तेथे नव्हताच असा निष्कर्ष काढता येत नाही. कोश वापरणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विसरू नये.

कौटुंबिक जीवन आणि शिष्य

१८९६ मध्ये राइट यांनी आपली पूर्वीची विद्यार्थिनी एलिझाबेथ मेरी ली (१८६३–१९५८) यांच्याशी विवाह केला. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये शिकलेल्या एलिझाबेथ स्वतः विदुषी होत्या. कोशाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता, प्राचीन आणि मध्ययुगीन इंग्रजीची व्याकरणे दोघांच्या नावाने निघाली, आणि बोली व लोकसमजुती यांवरील ‘रस्टिक स्पीच अँड फोक-लोअर’ (१९१३) हे पुस्तक पूर्णपणे त्यांचे आहे. त्यांची दोन्ही मुले बालपणीच दगावली. ऑक्सफर्डच्या बॅनबरी रस्त्यावरील त्यांच्या घराला राइट यांनी आपल्या जन्मगावाचे, थॅकलीचे, नाव दिले होते. मरे यांचे घर आणि कोशशाळा त्याच रस्त्यावर होती; इंग्रजीचे दोन प्रचंड कोश काही वर्षे एकाच रस्त्यावर आकार घेत होते.

प्राध्यापक झाल्यावरही राइट यांनी आपली यॉर्कशायरी बोलण्याची ढब टाकली नाही. ऑक्सफर्डसारख्या, उच्चारावरून माणसाची प्रत ठरवणाऱ्या ठिकाणी ही गोष्ट सोपी नव्हती. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक म्हणून विख्यात झालेले जे. आर. आर. टॉल्किन हे होते. शाळेत असताना राइट यांचे गॉथिक भाषेचे पुस्तक टॉल्किन यांच्या हाती लागले आणि त्यांना भाषाशास्त्राची गोडी लागली; पुढे ऑक्सफर्डमध्ये ते प्रत्यक्ष राइट यांच्याकडे शिकले. हडर्सफील्ड या यॉर्कशायरमधील गावाच्या बोलीचा कोश १९२८ मध्ये निघाला, त्याला टॉल्किन यांनी प्रस्तावना लिहिली.

अखेर आणि नंतरचा काळ

१९२५ मध्ये राइट निवृत्त झाले. २७ फेब्रुवारी १९३० रोजी न्यूमोनियाने ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. एलिझाबेथ यांनी लिहिलेले त्यांचे दोन खंडांचे चरित्र १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी ते आवडीने वाचले आणि ‘द इयर्स’ (१९३७) या कादंबरीतील एका विद्वानाच्या कुटुंबाचे चित्रण करताना राइट दांपत्याचा आधार घेतला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लीड्स विद्यापीठातील हॅरल्ड ऑर्टन यांनी स्वित्झर्लंडचे ऑयगेन डीट यांच्या साथीने इंग्लंडच्या बोलींची नवी पाहणी आखली. १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी जाऊन, तेराशेहून अधिक प्रश्न विचारून ती करण्यात आली. टपालाने माहिती मागवण्याच्या राइट यांच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत अधिक काटेकोर होती; परंतु निवडलेल्या प्रश्नांच्या बाहेरचे शब्द तिच्यात येऊ शकले नाहीत. म्हणून अभ्यासकांना आजही दोन्हींकडे जावे लागते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाने राइट यांच्या कोशाचे संगणकीकरण केले असून, एखाद्या परगण्यात नोंदले गेलेले सर्व शब्द आता एकत्र शोधता येतात. छापील सहा खंडांत हे शब्द वर्णानुक्रमे विखुरलेले असल्यामुळे पूर्वी ही सोय नव्हती.